चोरट्याच्या हाती कोणतं धनुष्य द्यावं?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या, पात्र घेऊन खेळायच्या साहसखेळाला नवीन बसलेला माणूस चोरटा निवडतो, पात्राच्या कागदावर नाव लिहितो, आणि शस्त्रांच्या तक्त्यापाशी अडतो. शॉर्टबो घ्यावा की लाइट क्रॉसबो? हँड क्रॉसबो तिप्पट महाग का? लाँगबो सगळ्यांत लांब जातो, मग तो का नको? त्यातच 17 सप्टेंबर 2024 रोजी खेळाचं नवं 'प्लेअर्स हँडबुक', म्हणजे नियमांचं पुस्तक आलं आणि शस्त्रांना नवे गुण चिकटले. आता 2014 च्या नियमांवर बेतलेला सल्ला आणि नव्या नियमांवर बेतलेला सल्ला एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

एक खुलासा आधीच. या पात्राला इंग्रजीत 'रोग' म्हणतात. मराठीत तो शब्द आजाराचा आहे, म्हणून इथे सरळ 'चोरटा' म्हटलं आहे.

## हल्ला म्हणजे नेमकं काय होतं?

वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य, म्हणजे चपळाईची आणि शस्त्रातल्या प्रावीण्याची भर मिळवायची. बेरीज समोरच्याच्या संरक्षणाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, की वार लागला. मग शस्त्राचा फासा टाकून इजा किती ते ठरतं. शॉर्टबोचा फासा सहा बाजूंचा, लाइट क्रॉसबोचा आठ, खंजिराचा चार. धनुष्य असो वा खंजीर, चोरटा चपळाईचा गुण वापरून मारतो, आणि तोच गुण इजेतही मिळवतो.

सतत लागणारे शब्द दोनच आहेत. ॲडव्हांटेज म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. डिसॲडव्हांटेज म्हणजे दोनदा टाकून लहान घ्यायचा. एरवी वार लागण्याची शक्यता 65 टक्के असेल, तर ॲडव्हांटेजने ती जवळजवळ 88 टक्के होते आणि डिसॲडव्हांटेजने 42 वर येते. दोन्ही एकाच वेळी असले की एकमेकांना खोडतात आणि साधा एकच फासा उरतो.

पटावरचा एक चौकोन पाच फुटांचा धरतात. पुढचे सगळे पल्ले त्या हिशेबाने बघावेत.

## चोरट्याची खरी ताकद शस्त्रात नाही

योद्धा पाचव्या पातळीला एका वेळी दोन वार करतो, पुढे तीन. चोरट्याला स्वतःचा वार एकच. त्याची भरपाई स्नीक अटॅक नावाच्या क्षमतेतून होते: अट पुरी झाली की एका वारावर जादा फासे मिळतात. पहिल्या पातळीला सहा बाजूंचा एक फासा, मग दर विषम पातळीला आणखी एक, 19 व्या पातळीला दहा.

कबड्डीतला बोनस गुण आठवा. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील, तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो. चढाईपटू कितीही चपळ असो, पाचच बचावपटू उरले असतील तर तो गुण नाही. स्नीक अटॅकचंही तसंच आहे. दोनपैकी एक गोष्ट हवी: तुमच्या वाराला ॲडव्हांटेज असावा, किंवा तुमचा एखादा शुद्धीवर असलेला साथीदार लक्ष्यापासून पाच फुटांत असावा आणि तुम्हाला डिसॲडव्हांटेज नसावा. शस्त्रही एकतर दूरवरून मारायच्या शस्त्रांच्या यादीतलं हवं, नाहीतर 'फिनेस' गुणाचं, म्हणजे चपळाईवर चालणारं.

आता आकडे बघा. पाचव्या पातळीचा चोरटा, चपळाईची भर 4, स्नीक अटॅकचे तीन फासे. शॉर्टबोचा वार लागला तर सरासरी इजा साडेतीन, अधिक चार, अधिक साडेदहा, म्हणजे 18. लाइट क्रॉसबोने 19. दोन शस्त्रांत फरक एका गुणाचा. स्नीक अटॅक हुकला तर मात्र साडेदहा गुण जातात. शस्त्र निवडताना प्रश्न एकच विचारायचा: कोणत्या शस्त्राने दर पाळीला अट पुरी व्हायची शक्यता सर्वांत जास्त?

## पर्याय कोणकोणते?

2024 च्या नियमांत चोरट्याला सगळी साधी शस्त्रं येतात, आणि लष्करी शस्त्रांपैकी फक्त 'फिनेस' किंवा 'लाइट', म्हणजे हलक्या, गुणाची. 2014 मध्ये यादी नावानिशी दिली होती, पण दूरच्या शस्त्रांपुरता निकाल जवळपास तोच.

शॉर्टबो 25 सोन्याच्या नाण्यांना मिळतो. पल्ला 80 फूट, डिसॲडव्हांटेज सोसून 320 पर्यंत. मारताना दोन्ही हात लागतात. लाइट क्रॉसबोची किंमत आणि पल्ला तेच, फासा आठ बाजूंचा, पण त्याला 'लोडिंग' आहे, म्हणजे एका कृतीत एकच बाण सुटतो. हँड क्रॉसबो 75 नाण्यांना, फासा सहा बाजूंचा, पल्ला फक्त 30 फूट, डिसॲडव्हांटेजसह 120. तोही 'लोडिंग'चा, पण एका हातात मावतो.

खंजीर दोन नाण्यांना, 20 फुटांपर्यंत फेकता येतो आणि जवळूनही चालतो. डार्टही 20 फूट जातो आणि तांब्याची पाच नाणी पडतात, पण खंजिराला जे जमतं त्यातलं अर्धंच डार्टला जमतं. गोफणही यादीत आहे, चांदीच्या एका नाण्याला. शेतात पाखरं हाकणारी गोफण आपल्या जवळची आहे, पण इथे तिचा पल्ला 30 फूट आणि फासा चार बाजूंचा. सांगाड्यांसारख्या शत्रूंना टोकदार शस्त्रापेक्षा ठेचणारं शस्त्र जास्त लागतं, तेवढ्यासाठी कमरेला एक असू द्यावी.

फेकायची कुऱ्हाड आणि भाला मात्र घेऊ नयेत. दोन्ही दूर फेकता येतात, पण ती जवळच्या लढाईची शस्त्रं आहेत आणि 'फिनेस' नाहीत. त्यांच्यावर स्नीक अटॅक लागतच नाही. नवखे खेळाडू इथे हमखास चुकतात.

## 2014 चे नियम असतील तर

उत्तर लहान आहे. लाइट क्रॉसबो घ्या. 'लोडिंग'ची भीती ज्याला एका पाळीत दोनदा मारायचं असतं त्याला. चोरटा एकदाच मारतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही आणि दर वाराला सरासरी एक गुण जास्त मिळतो. सुरुवातीच्या सामानात शॉर्टबो आणि वीस बाण मिळतात. पहिली 25 नाणी जमेपर्यंत तो चालवून घ्यावा.

## 2024 च्या नियमांनी काय बदललं?

प्रत्येक शस्त्राला एक खास करामत जोडली गेली. तिचं नाव 'वेपन मास्टरी'. पहिल्या पातळीचा चोरटा दोन प्रकारच्या शस्त्रांच्या करामती वापरू शकतो.

शॉर्टबो आणि हँड क्रॉसबोची करामत 'व्हेक्स': वार लागून इजा झाली, की तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज. लाइट क्रॉसबोची करामत 'स्लो': वार लागलेल्याचा वेग 10 फुटांनी कमी.

चोरट्यासाठी 'व्हेक्स' सोन्यासारखी आहे, कारण ॲडव्हांटेज म्हणजेच स्नीक अटॅकची अट. पहिला बाण लागला की दुसऱ्याची अट आपोआप पुरी. साथीदार जवळ असो वा नसो, दुसरी काही खटपट लागत नाही. एकाच शत्रूवर मारा चालू ठेवला, तर 65 टक्क्यांची शक्यता कालांतराने साधारण 84 टक्क्यांवर जाऊन स्थिरावते. साथीदार शत्रूला भिडलेला असेल आणि पाचव्या पातळीचाच चोरटा धरला, तर दर पाळीची सरासरी इजा शॉर्टबोने सुमारे 15, लाइट क्रॉसबोने सव्वाबारा. आठ बाजूंच्या फाशाने मिळवलेला एक गुण इथे कुठल्या कुठे जातो.

शत्रू मेला की साखळी तुटते आणि पुढच्यावर पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे 'व्हेक्स'चा पुरा लाभ दणकट शत्रूवर मिळतो. एका बाणात लोळणाऱ्या किरकोळ टोळीवर ती फारशी उपयोगी नाही.

## पण ॲडव्हांटेज दुसरीकडूनही मिळतो ना?

मिळतो, आणि इथेच लाइट क्रॉसबोची बाजू पुन्हा जड होते. चोरट्याला दर पाळीला एक 'बोनस ॲक्शन', म्हणजे छोटी जादा कृती असते. तिसऱ्या पातळीपासून ती 'स्टेडी एम'वर खर्च करता येते: या पाळीत हललो नसेन तर जागेवर स्थिर राहून पुढच्या वाराला ॲडव्हांटेज. ही क्षमता 2020 मध्ये ऐच्छिक म्हणून आली, 2024 मध्ये मूळ नियमांत गेली. फासा न टाकता मिळणारा हा ॲडव्हांटेज आहे.

दर पाळीला 'स्टेडी एम' वापरणार असाल तर 'व्हेक्स' वाया जाते. मग लाइट क्रॉसबोने जवळजवळ पावणेसतरा, शॉर्टबोने पावणेसोळा, वर शत्रूचा वेगही घटतो. एका जागी बसून नेम धरणाऱ्या चोरट्याला क्रॉसबो शोभतो.

तरीही पसंती शॉर्टबोलाच. 'स्टेडी एम'ची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: बोनस ॲक्शन जाते आणि पाय बांधले जातात. एकदा वेग शून्य झाला, की खांबाआड सरकता येत नाही आणि समोरून धावून येणाऱ्या राक्षसापासून मागे हटता येत नाही. शॉर्टबोवाला बाण मारून 30 फूट सरकतो आणि बोनस ॲक्शनने लपतो. 2024 च्या नियमांत लपण्यासाठी दाट अंधार, धुकं किंवा तीन-चतुर्थांश तरी आडोसा हवा, शत्रूची थेट नजर नको, आणि फाशाची बेरीज 15 हवी. लपण्यात दुप्पट प्रावीण्य घेतलेल्या पाचव्या पातळीच्या चोरट्याला ते 80 टक्के वेळा साधतं. पहिल्या दोन पातळ्यांत 'स्टेडी एम' नसतेच, तेव्हा तर 'व्हेक्स'च आधार.

## मग हँड क्रॉसबोचं एवढं कौतुक कशासाठी?

जोडवारासाठी. झाडाला लटकलेली एक कैरी आणि हातात दोन दगड, असं धरा. कैरी एकदाच पडणार, पण पहिला नेम चुकला तरी दुसरा आहे. स्नीक अटॅक एका पाळीत एकदाच लागतो. दोन वारांमुळे तो दुप्पट होत नाही, पण लागण्याची शक्यता 65 वरून 88 टक्क्यांवर जाते. अगदी ॲडव्हांटेजइतकीच.

2014 च्या नियमांत यासाठी 'क्रॉसबो एक्सपर्ट' नावाचा 'फीट' घ्यावा लागतो. फीट म्हणजे काही ठरावीक पातळ्यांना निवडता येणारी खास तयारी, आणि ती बहुधा चपळाई वाढवण्याच्या बदल्यात मिळते. हिशेब करून बघू. पाचव्या पातळीला एकाने चपळाई वाढवून 4 ची भर घेतली, दुसऱ्याने 3 वरच थांबून फीट घेतला. त्या दुसऱ्याची वार लागण्याची शक्यता 60 टक्क्यांवर येते. दोन वार धरून त्याची सरासरी सुमारे साडेसोळा. शॉर्टबो आणि 'स्टेडी एम' घेतलेल्याची पावणेसोळा. एका गुणाच्याही आतला हा फायदा, आणि तोही साथीदार शत्रूजवळ असेल तरच. साथीदार नसेल तर 'स्टेडी एम'वाल्याची सरासरी तशीच राहते आणि हँड क्रॉसबोवाला आठाच्या आत घसरतो.

त्यात पल्ला 30 फूट, म्हणजे सहा चौकोन. बहुतेक शत्रू एका पाळीत नेमके तितकेच चालतात. तुम्ही मारता, तो चालत येतो आणि त्याच पाळीत मारतो. 80 फुटांवर उभं राहिलात तर पूर्ण पाळी धावूनही तो 20 फूट मागे राहतो.

2024 मध्ये मात्र एक जोडी चांगली जमते, फीटशिवाय. एका हातात हँड क्रॉसबो, दुसरा मोकळा, कमरेला खंजीर. दोन्ही 'लाइट' शस्त्रं असल्यामुळे एकाने मारल्यावर दुसऱ्याने जादा वार करता येतो. खंजिराची करामत 'निक' त्या जादा वाराला बोनस ॲक्शनऐवजी मूळ हल्ल्यातच बसवते. पायऱ्या अशा: मोकळ्या हाताने बाण चढवा, मारा, लागला तर 'व्हेक्स', मग खंजीर काढून ॲडव्हांटेजने त्याच शत्रूवर फेका. बोनस ॲक्शन अजून शिल्लक. चोरट्याच्या दोन्ही करामती यात खर्च होतात, जादा वाराच्या इजेत चपळाईची भर धरत नाहीत, आणि शत्रूपासून 20 फुटांत उभं राहावं लागतं. ज्याला लढाईच्या ऐन काठावर राहायला आवडतं, त्याने जरूर करावी. दोन हातांत दोन हँड क्रॉसबो मात्र फीटशिवाय नको. बाण चढवायला मोकळा हात लागतो, तो उरत नाही.

## लाँगबो आणि पिस्तूल का नाही?

लाँगबोचा फासा आठ बाजूंचा आणि पल्ला 150 फूट. पण तो लष्करी शस्त्र असून 'लाइट' नाही, म्हणजे चोरट्याला त्याचं प्रावीण्य नाही. प्रावीण्य नसेल तर पाचव्या पातळीला वाराच्या बेरजेतून 3 जातात, आणि साडेदहा गुणांचा स्नीक अटॅक 15 टक्के कमी वेळा लागतो. 2014 मध्ये हाय एल्फ आणि वुड एल्फ या वंशांच्या पात्रांना जन्मजात लाँगबो यायचा, म्हणून जुन्या खेळांत लाँगबोवाले चोरटे दिसतात. 2024 ने ती सवलत काढली. पिस्तुलालाही हेच लागू आहे.

## नेमके घोटाळे कुठे होतात?

पहिला आणि सर्वांत जास्त होणारा: साथीदार शत्रूला लोळवतो आणि चोरटा खूश होतो. खाली पडलेल्या शत्रूवर पाच फुटांच्या आतून मारणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो. त्याच्या पलीकडून मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज, आणि स्नीक अटॅक गेला. अशा वेळी जवळ जाऊन तलवार चालवा, दुसरं लक्ष्य धरा, किंवा 'स्टेडी एम'ने डिसॲडव्हांटेज खोडा. खोडला गेला की साधा फासा उरतो, आणि साथीदार शत्रूजवळ असल्याने स्नीक अटॅक पुन्हा लागतो. पल्ल्याबाहेरच्या शत्रूवरही हीच युक्ती चालते. योद्ध्याशी आधीच ठरवून ठेवा, की चोरट्याची पाळी होईपर्यंत कोणाला लोळवायचं नाही.

दुसरा: शत्रू तुमच्या पाच फुटांत उभा आहे आणि तुम्ही धनुष्य ताणता. तो शुद्धीवर असेल आणि त्याला तुम्ही दिसत असाल, तर नेम कोणावरही असो, डिसॲडव्हांटेज लागतो. आधी दूर व्हा, बोनस ॲक्शनने त्याच्या तडाख्यातून निसटून.

तिसरा जरा बारीक आहे. साथीदाराच्या पाठीमागे सरळ रेषेत उभं राहून मारलं, तर मधल्या माणसाचा आडोसा शत्रूला मिळतो आणि त्याचं संरक्षण 2 ने वाढतं. म्हणजे नेमक्या 10 टक्क्यांचं नुकसान. दोन चौकोन बाजूला सरकलं की ते टळतं. सरकायला काही पडत नाही, तरी लोक सरकत नाहीत.

धनुष्याने 'ऑपॉर्च्युनिटी अटॅक', म्हणजे जवळून निसटणाऱ्यावरचा फुकटचा वार, करता येत नाही. स्नीक अटॅक एका फेरीत (सगळ्यांची एकेक पाळी) नाही, एका पाळीत एकदा अशी मर्यादा आहे. दुसऱ्याच्या पाळीत असा वार साधला तर तो पुन्हा लागतो. म्हणून धनुर्धारी चोरट्यानेही शॉर्टसोर्ड किंवा रेपिअर अशी एखादी तलवार जवळ ठेवलीच पाहिजे. 2024 च्या नियमांत दर वाराबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, त्यामुळे अदलाबदल सोपी झाली आहे.

## बाणांचा हिशेब

वीस बाण एका सोन्याच्या नाण्याला. लढाई संपल्यावर एक मिनिट शोधलं तर वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात, बाकीचे गेले. सहा फेऱ्यांच्या लढाईत सहा बाण सुटले तर तीन हाती येतात. अशा चार लढायांनंतर वीसचे आठ उरतात, त्यामुळे गाव सोडताना चाळीस बाण घ्यावेत. फेकलेल्या खंजिरांना हा नियम लागू नाही, ते जिथे पडले तिथून उचलायचे. पण लढाईच्या मधोमध शत्रूच्या पायाशी पडलेला खंजीर त्या लढाईपुरता गेलाच म्हणायचा, म्हणून दोनाऐवजी पाच-सहा बाळगावेत. 2024 मध्ये तयार सामानाऐवजी 100 सोन्याची नाणी घेता येतात. त्यात शॉर्टबो, चाळीस बाण, सहा खंजीर आणि गोफण यांचा खर्च चाळीसच्या आत बसतो. उरलेल्यातून चामड्याचं चिलखत, एक शॉर्टसोर्ड आणि कुलपं उघडायची हत्यारं येतात.

आपल्या टेबलावर कोणते नियम चालू आहेत, हे खेळ चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा. 2024 च्या नियमांचा गाभा मोफत उपलब्ध आहे. शस्त्रांचा तक्ता आणि करामती त्यातच सापडतील.